तारकोंडच्या निवाऱ्याची पाती

खाडीच्या तोंडाशी आल्यावर लॉरेन्सने होडीचं इंजिन मंद केलं, कपाळाशी आडवा हात धरला आणि किनाऱ्याकडे पाहून ओरडला, "हर्षदा, तुझो निवारो उभो आसा गो!"

हर्षदा पराडकरच्या जिवात जीव आला. कारण वाडीतलं दुसरं काहीच उभं नव्हतं. शाळेचं छप्पर खाडीत तरंगत होतं, अर्धे माड कमरेत मोडले होते, होड्या कुणाच्या परसात तर कुणाच्या ओटीवर जाऊन बसल्या होत्या. पण वाडीमागच्या उंचवट्यावर तिने बांधलेला लाकडी निवारा, पालथ्या घातलेल्या होडीसारखा, जसाच्या तसा होता. वादळ येणार म्हटल्यावर काल दुपारीच अख्खं तारकोंड त्यात जाऊन बसलं होतं. तिचे बाबाही; ती तेवढी कामाने बाहेरगावी अडकली होती.

मग होडी आणखी जवळ गेली आणि तिच्या लक्षात आलं की निवाऱ्याची पाती मिटलेलीच आहेत.

"पाऊस तर पहाटेच गेलो," लॉरेन्स म्हणाला. "उन्हा पडली, वारो सुटलो, तरी ह्यांची अजून झोप होना नाय काय?"

हर्षदा पात्यांवरची नजर काढत नव्हती. इतक्या उन्हावाऱ्यात ती पाती एव्हाना सताड उघडायला हवी होती.

आता ही पाती म्हणजे काय प्रकरण आहे ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

समुद्रकाठी काहीही बांधायचं म्हटलं की सामान निवडतानाच माणूस रडकुंडीला येतो. लोखंड घ्या. ताकदीला तोड नाही. ठोका, वाकवा, जोडा, सगळं सोसतं. पण खारी हवा लागली की त्याला गंज चढतो, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा अडवतो, आणि बिजागरी फुगून जागच्या जागी आवळून बसते. अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही म्हणून दुकानदार छाती ठोकून विकतो. त्याला मिठाने बारीक बारीक खड्डे पडतात, आणि शेजारी लोखंडी स्क्रू बसवला तर ओलाव्यात दोन्ही धातूंची अशी काही भांडणं लागतात की त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजून जातं. प्लास्टिकला ना गंज ना वाळवी, पण कोकणातलं ऊन चार-सहा वर्षं खाल्लं की ते पापडासारखं तडकतं. आणि लाकूड? लाकूड म्हणजे स्वस्थ न बसणारं पोर. पावसाळ्यात फुगणार, उन्हाळ्यात आकसणार. जगात सुतार जन्माला आल्यापासून तो लाकडाच्या या खोडीला शिव्या देत आला आहे.

हर्षदाने काय केलं, तर त्या खोडीलाच कामाला लावलं.

तिला ते सुचलं ते दुःखातून. या जागी पूर्वी सरकारी निवारा होता, लोखंडी शटरांचा. अरबी समुद्रात वर्षातून एखादं वादळ व्हायचं ते दिवस सरले आणि दर हंगामाला तीन-तीन येऊ लागली, तेव्हाचा तो बांधलेला. एका वादळात त्याची शटरं अर्ध्यावर येऊन अडकली. पन्हाळीत गंज धरला होता. आत पाणी घुसलं आणि वाडीतली अकरा माणसं गेली. त्यात हर्षदाची आये होती. हर्षदा तेव्हा पुण्यात वस्तू-रचनेचं शिक्षण घेत होती आणि शहरातल्या लोकांसाठी खुर्च्यांचे आराखडे काढत होती. ती परत आली ती बाबांच्या होडीपाशी बसून राहिली. उन्हाळाभर वाळूवर ओढून ठेवलेली होडी पहिल्यांदा पाण्यात लोटली की फळ्यांच्या सांध्यांतून पाणी गळतं. बाबा तिकडे लक्षही देत नसत. "पिऊ दे तेका," म्हणत. फळ्या पाणी पीत, फुगत, आणि दुसऱ्या दिवशी सांधे असे मिटत की थेंब आत येत नसे.

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी. ओल लागली की त्या आडव्या फुगतात, लांबीला मात्र वाढत नाहीत. मग दोन पातळ फळ्या घ्यायच्या, एकीच्या नळ्या उभ्या, दुसरीच्या आडव्या, आणि एकमेकींना चिकटवायच्या. हवा दमट झाली की एक फुगायला बघते, दुसरी फुगू देत नाही, आणि या ओढाताणीत दोघी मिळून वाकतात. किनाऱ्यावरच्या सुरूची बोंडं हेच करतात. कोरड्या हवेत उघडतात, ओल्या हवेत मिटतात. त्यांना कुणी सांगावं लागत नाही. हर्षदाने लाकूड सोड्यात उकळून त्यातला ताठरपणा थोडा काढून घेतला, मग तापवून, दाबून त्याला पूर्वीच्या तिसऱ्या हिश्शाइतकं केलं. ते लोखंडाच्या तोडीचं झालं, आणि सुरूच्या बोंडासारखं चटकन हलूही लागलं.

या लाकडाचे थरावर थर चिकटवून केलेल्या वीतभर जाड पात्यांची भिंत तिने उभी केली. बाहेरचा थर हवा ओळखणार. वादळाआधी हवा दमट होऊ लागली की पाती आपण होऊन मिटणार, फुगून एकमेकांना अशी घट्ट भिडणार की लाट आली तरी आत थेंब नाही. वादळ गेलं, वारा सुटला, की आपण होऊन उघडणार. मोटर नाही, वीज नाही, गंजायला बिजागरी नाही. आत रात्रभर पुरेल एवढी हवा. सरकारला ते फारच आवडलं, कारण त्याला वीजबिल नव्हतं. किनाऱ्यावरच्या वीस-बावीस गावांत असे निवारे उभे राहिले, आणि पहिला उभा राहिला तारकोंडात.

होडी किनाऱ्याला लागली तेव्हा खाडीपलीकडच्या वाडीतले आठ-दहा जण आधीच येऊन निवाऱ्याशी झटत होते. एकाच्या हातात कुऱ्हाड होती आणि तिची धार पार मुडपली होती.

"ह्या काय लाकूड म्हणायचा?" तो वैतागून म्हणाला. "दगडाक घाव घालतंय असा वाटता."

हर्षदाने पिशवीतून बॅटरीवरचं ड्रिल काढलं. पहिलं बिट बोटभर आत गेलं, तापून निळं पडलं आणि तुटलं. दुसरं तितकंही गेलं नाही. तिसरं तिच्याकडे नव्हतं. निवारा किती भक्कम आहे हे दाखवायला तिनेच एकदा मोठ्या साहेबांसमोर असंच ड्रिल तोडून दाखवलं होतं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

ती धावत मागच्या दाराकडे गेली. पाती मिटल्यावर आत-बाहेर करायला तेवढं एकच दार ठेवलं होतं. पण तिथे दारच दिसत नव्हतं. लाटेने छपरापर्यंत वाळू आणून टाकली होती आणि वाळूवर एक अख्खा ट्रॉलर आडवा पडला होता. तो हलवायला जेसीबी हवा, आणि जेसीबी यायला रस्ता हवा. रस्त्यावरचा साकव रात्रीच वाहून गेला होता. मग ती छपरावर चढली. हवा खेळती राहावी म्हणून तिथे प्लास्टिकच्या नळ्या बसवल्या होत्या. उन्हाने पिचलेल्या त्या नळ्या वादळाने बुडातून मोडल्या होत्या आणि भोकांत ओली वाळू सिमेंटसारखी ठासून बसली होती. लॉरेन्सने हात घालून उकरली, पण खालची झडप वाळूच्या वजनाने आतून आवळली होती. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते काही उगीच नाही.

मोबाइलचे टॉवर सगळीकडे आडवे झाले होते. प्रत्येक निवाऱ्याला एक बिनतारी संच दिलेला होता; एकजण बोलला की किनाऱ्यावरच्या सगळ्यांना ऐकू यायचं. हर्षदाकडे तसाच एक हातातला होता. तिने बटण दाबलं.

"तारकोंड, तारकोंड. बाबा, ऐकू येता?"

"येता गो," वसंत पराडकरांचा आवाज आला. आवाज बरा होता, फक्त थोडी धाप होती. "केव्हा येतंस म्हणान वाट बघतंय. दार कदी उघडतला?"

"उघडतलाच. तुमी कशी आसात?"

"आसव. सगळ्यांची डोकी दुखतत. पोरां नुसती झोपतत, उठवली तरी उठनत नाय. उकाडो तर असो की भिंतीक हात लावलो तर पाणी." मग ते जरा हळू आवाजात म्हणाले, "हर्षा, मगाशी काडी पेटवून बघलंय. लगेच इझली."

काडी पेटत नाही म्हणजे आतली हवा किती उतरली आहे ते हर्षदाला पुरतं माहीत होतं. पुस्तकात तिने तो आकडा शांतपणे वाचला होता.

ती पात्याला हात लावून उभी राहिली. वारा सुटला होता, ऊन होतं, हे लाकूड एव्हाना सुकायला हवं होतं. का सुकत नव्हतं? तेवढ्यात तिला जाणवलं की हाताला लाकूड लागतच नाहीय. गुळगुळीत, तांबूस काळं, चकचकीत असं काहीतरी लागतंय. तिने नाक जवळ नेलं. तो वास तिच्या लहानपणाचा होता. बाबांच्या होडीचा.

"बाबा," ती म्हणाली, "भायरसून लाकडाक काय लावलास?"

"तेल लावलंय मगे!" बाबांचा आवाज एकदम उजळला. "काजीच्या टरफलांचा. नारळी पुनवेक होड्यांका लावतव, तेव्हाच हेकाय लावलंय. तीन हात दिलंय, जंय पाणी लागता थंय सगळीकडे. तू बांधलंस, आनी मी तेका असोच सुको टाकीन? माझा बघून बाकीच्या गावांनीय लावल्यानी. तुका सांगाचा रवला फक्त."

कारखान्यातून आलेल्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, रंग लावू नये. आणि कुणी रंग लावलाच नव्हता. काजूच्या टरफलांच्या तेलाला रंग कोण म्हणेल? तेल म्हणजे लाकडाचं जेवण. कोळ्याच्या पोराला चालायला येण्याआधी हे कळतं. हर्षदालाही कळत होतं. फक्त पाटी लिहिताना ती पुण्याची होऊन लिहीत होती.

म्हणजे झालं होतं ते असं. तेलाने बाहेरचा थर बंद केला. काल पाती उघडी होती तोवर वादळाची दमट हवा फटींतून आतल्या बाजूला लागली, म्हणून ती मिटली तेवढी. आता पात्यांना बाहेरचं ऊन लागत नव्हतं, वारा लागत नव्हता. त्यांना कळत होती ती फक्त आतल्या बाजूची ओल, आणि आतली ओल म्हणजे शे-सव्वाशे माणसांचा श्वास. माणसं जितका जोरात श्वास घेणार तितकी पाती अधिक घट्ट मिटणार. लाकूड आपलं काम अगदी इमानाने करत होतं. त्याला वाटत होतं, वादळ अजून चालूच आहे.

"काय चुकला काय गो?" बाबांनी विचारलं.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. काय सांगणार होती ती? की बाबा, आयेला गंजाने मारलं आणि या माणसांना तुमच्या मायेने कोंडलंय? ते सांगून एक पातं तरी उघडणार होतं का?

"नाय बाबा," ती म्हणाली. "तुझा काय चुकूक नाय. माझोच हिशोब चुकलो. लाकडाचो जोडच कच्चो रवलो."

"असा काय," बाबा म्हणाले.

हर्षदाने बटण सोडलं आणि माणसांना कामाला लावलं. वाऱ्याच्या तोंडचं एक पातं निवडलं. कोयता, कानस, नारळाची किसणी, तुटलेल्या कौलाचा तुकडा, ज्याला जे मिळेल ते घेऊन माणसं तेलाचा थर खरवडायला लागली. तो थर वाळून काचेसारखा झाला होता. नखाएवढी जागा उघडी पडायला केवढा वेळ जात होता! एकीकडे लॉरेन्सने घमेल्यात करवंट्यांचे निखारे केले आणि जिथे लाकूड उघडं पडलं तिथे हातभर अंतरावर ती धग धरली. त्याहून जवळ नेता येत नव्हती. उरलेल्या तेलाने पेट घेतला असता तर आतली माणसं भाजूनच निघाली असती.

लॉरेन्सला सगळं समजलं होतं. तो खाली मान घालून म्हणाला, "म्हाताऱ्याक सांगा नको."

"नाय सांगत," हर्षदा म्हणाली.

बाबांना तिने फक्त इतकं सांगितलं की दर्याकडच्या कोपऱ्यातलं पातं आधी उघडेल, तिथे पोरांना नेऊन झोपवा. आतून माणसं सरकवल्याचे आवाज आले. "नेलंव," बाबा म्हणाले. बिनतारी संच तिने आराखड्यात मुद्दाम पलीकडच्या भिंतीवर बसवला होता, पाण्यापासून लांब. म्हणजे बाबा त्या कोपऱ्यात नव्हते.

आणि तेवढ्यात संचावर तिसराच आवाज आला.

"तारकोंड, हय वाघबंदर. गोविंद खवळे बोलतंय."

वाघबंदर उत्तरेला. वादळ किनाऱ्याकिनाऱ्याने तिकडेच सरकत होतं.

"तुमचा सगळा ऐकतंव आमी," गोविंद म्हणाला. "हय वारो वाढलो, पाती मिटाक लागली. बायका-पोरां दारात उभी आसत. तुझो हिशोब चुकलो म्हणतंस, तर आमी आत जावचा काय नाय ता सांग."

ही गोष्ट हर्षदाच्या डोक्यातच आली नव्हती. बाकीच्या गावांनीही तेल लावलं होतं. आत जाऊ नका म्हणावं, तर घरांची छपरं काही तासांत उडणार. आत जा म्हणावं, तर उद्या सकाळी तिथेही हेच. मधला एकच रस्ता होता. अजून वेळ होता. आत जाण्याआधी बाहेरचं तेल खरवडता येत होतं.

"आत जावा," ती म्हणाली. "पण आधी भायरचा तेल खरवडून काढा. लाकूड उघडा होयसर खरवडा."

"तेल खरवडू? आता?" गोविंद चक्क हसला. "पाऊस तोंडावर इलो आणि आमी लाकडाचा तेल काढू? खूळ लागला काय तुका? कशाक?"

कशाला, हा प्रश्न होता. निवाऱ्याच्या भिंतीपलीकडे बाबा ऐकत होते. लॉरेन्स निखाऱ्यांवरून मान वर करून तिच्याकडे बघत होता.

"सांग गो," गोविंद म्हणाला. "पोरां भिजतत."

हर्षदाने डोळे मिटले आणि बटण दाबलं. "तेलामुळे पाती उघडनत नाय. तारकोंडात तेलामुळेच बंद आसत. लाकडाक भायरची हवा लागना नाय." तिला रडू फुटलं. "जोड कच्चो नाय. जोड बरो आसा. तेलच."

संच नुसता खरखरत राहिला.

मग गोविंद म्हणाला, "माका पटणा नाय. बापजाद्यांपासना तेल लावतंव आमी. तू शिकलेला चेडू, तुका पुस्तकातला म्हायत. तेल लावून लाकूड मरता असा कोणी ऐकलाहा?" त्याच्यामागे आणखी दोन-तीन गावांचे आवाज आले. कुणी म्हणालं नको, कुणी म्हणालं आमी असेच आत जातंव. तिने पुन्हा समजावलं, नळ्या, थर, ओल, सगळं. शब्द नुसते वाऱ्यावर जात होते.

"गोविंदा." तो आवाज बाबांचा होता. "मी वसंत, तारकोंडचो."

"बोला तांडेल." होड्यांच्या या जुन्या म्होरक्याला सगळा किनारा तांडेलच म्हणायचा.

"माझ्या चेडवाचा ऐक. तेल मी लावलंय, माझ्या हातान. तुका लाव म्हणान मीच सांगलंय." ते थांबले. त्यांचा श्वास संचावर सगळ्या किनाऱ्याला ऐकू येत होता. "हय आमका श्वास मिळना नाय. माझी चूक तू करू नको. कोयतो घे, किसणी घे, आणि खरवड. मगे आत जा."

"बरा तांडेल," गोविंद म्हणाला. "खरवडतंव."

हर्षदा भिंतीला कपाळ टेकून उभी होती. बाबांनी तिला हाक मारली.

"हर्षा. मगाशी खोटा बोललंस मा?"

"होय बाबा."

"माका तेव्हाच कळला. तुका लहानपणापासना खोटा बोलूक येणा नाय," ते म्हणाले, आणि खोकत हसले. "रडा नको. माका आदी सांगलं असतंस तर मी आदी बोललं असतंय."

"बाबा, आता बोला नको. बोलण्यान दम जाता. खाली बस, गप रव."

"होय, बसतंय."

पण बसू कोण देतो? लगेच सोनसुऱ्याहून विचारणा आली, खरंच का तांडेल, की ही पोरगी घाबरून बोलतेय? मग माणगाव बंदर. मग कुणी एक म्हातारा, ज्याचा तेलावर बाबांहून जास्त विश्वास होता आणि जो तावातावाने भांडायलाच बसला. हर्षदा मधे पडून सांगू लागे की ते खूप दमलेत, मी सांगते. तिचं कोण ऐकतो! त्यांना तेल लावणाऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं. आणि प्रत्येक वेळी बाबा उठत, तेच चार शब्द बोलत, मधे थांबत, पुन्हा बोलत. दर खेपेला थांबणं लांबत होतं.

तिच्या हातातल्या संचाला बंद करायचं बटण होतं. पण ते बंद करून बाबांचं बोलणं थांबत नव्हतं, आणि थांबलं असतं तरी तिने थांबवलं असतं का? तिकडे एकेका गावात शंभर-दीडशे माणसं दारात उभी होती. इकडे आत तिचा बाप एकेक शब्दाला एकेक श्वास मोजून देत होता. तिला दोन्ही दिसत होतं आणि तिच्या हातात दोन्हींतलं काहीच नव्हतं. तिने कानस उचलली आणि वेड्यासारखी खरवडत सुटली.

"बाबा, पुरे आता," ती मधेच बटण दाबून म्हणाली. "पाया पडतंय तुझ्या."

"एकच रवला गो. कळंबादेवी," ते म्हणाले.

कळंबादेवीलाही त्यांनी सांगितलं. त्या गावाने फार हुज्जत घातली नाही. त्यानंतर संचावर बाबांचा आवाज आला नाही. तिने हाका मारल्या, तेव्हा कुणीतरी आतून भिंतीवर हाताने थापटलं. ते बाबा होते की दुसरं कुणी, कळायला मार्ग नव्हता.

एक पातं वरपासून खालपर्यंत उघडं झालं. आता लाकूड सुकायचं तेवढं बाकी होतं, आणि लाकडाला घाई करता येत नाही. चारजणांनी कडेला बोटं घालून ओढून पाहिलं. ते तसूभर हललं नाही. ऊन लागत होतं, वारा लागत होता, निखाऱ्यांची धग लागत होती. माणसं त्याच्यासमोर उभी राहून नुसती बघत होती. लॉरेन्सने गळ्यातला क्रूस मुठीत धरला होता. पलीकडच्या वाडीतला कुऱ्हाडवाला रवळनाथाला कसला तरी नवस बोलत होता. हर्षदा कुणालाच काही मागत नव्हती. सुकायला किती वेळ लागतो ते तिला ठाऊक होतं, आणि ठाऊक असण्याचा काडीचा उपयोग नव्हता.

मग लाकूड कुरकुरलं. पात्याची कड केसभर सुटली, मग बोटभर, आणि त्या फटीतून आतली हवा बाहेर आली, ऊबट, घामाची, ओकारीची. पातं हळूहळू बाहेर कलत गेलं, अगदी तिने कागदावर काढलं होतं तसं, गोलाई घेत, जराही न अडखळता. इतकं सुंदर ते कधीच उघडलं नव्हतं. हर्षदाला त्याचा संताप आला.

फटीत हात शिरेल इतकी जागा झाली तशी माणसांनी पोरं ओढून घ्यायला सुरुवात केली. पोरं वाऱ्याला आली, खोकली, आणि भोकाड पसरून रडली. आणि बाहेरची मोठी माणसंही त्यांच्यासोबत रडायला लागली. मग बायका आल्या, मग पुरुष, कुणी रांगत, कुणी दुसऱ्याच्या खांद्यावर. ओकत होती, धडपडत होती, पण जिवंत होती. हर्षदा प्रत्येकाचं तोंड बघत होती.

शेवटी ती स्वतः आत शिरली. पलीकडच्या भिंतीशी बाबा बसलेले होते. डोकं लाकडाला टेकलेलं, बोलायचा माईक मांडीवर. लॉरेन्स तिच्यामागोमाग आला, त्याने गुडघे टेकून बाबांच्या मानेला हात लावला, आणि तो तसाच धरून ठेवला. काढून घेतला तेव्हा तो हर्षदाकडे बघेना.

ती बाबांच्या शेजारी बसली. त्यांचा हात तिने हातात घेतला. नखांत काळं तेल होतं. तिला ओरडायचं होतं, पण आत अजून हवाच नीट नव्हती.

भिंतीवरचा संच खरखरला.

"तारकोंड, हय वाघबंदर." गोविंदाच्या आवाजामागे वारा घोंघावत होता, पोरं किलबिलत होती. "आमचा खरवडून झाला. सगळी बाजू उघडी केलंव. सोनसुऱ्याचाय झाला म्हणतत. आता आत जातंव. तुमची पाती उघडली काय?"

लॉरेन्स उठू लागला. हर्षदाने त्याला थांबवलं आणि बाबांच्या मांडीवरचा माईक उचलला.

"उघडली," ती म्हणाली.

"देव पावलो! आणि तांडेल? तांडेल बरे आसत मा? त्यांच्याच शब्दावर खरवडलंव आमी. दोन शब्द बोलतत तर बरा, हय म्हातारी माणसां अजून भितत, आत जाऊक बघनत नाय."

हर्षदाने बाबांकडे पाहिलं. वाघबंदरात वारा वाढतच होता.

"बरे आसत," ती म्हणाली. तिचा आवाज जराही हलला नाही. "दमलेत म्हणान बोलनत नाय. पण ऐकतत. बेगीन आत जावा म्हणतत."